नागुबाईच्या सहीवरची दोन तिकिटं

१

“दुसऱ्याच्या वतीनं सही केली आणि पुढं भानगड झाली, तर फसतं कोण? सही करणारा, की ज्याच्यासाठी केली तो?”

हा प्रश्न मी भर वर्गात उभं राहून विचारला. खरं सांगते, पैजेखातर. पैज सौदामिनीची. “आमच्या अण्णांना अडकवील असा एक प्रश्न विचारून दाखव. आवळासुपारीची अख्खी पुडी तुझी!” मागच्या बाकावरच्या पोरी कोपरानं ढोसत होत्या. “ऊठ की उत्पला! एरवी तर लई बडबडतीस.”

उठले. यंदा मला झालंय काय कोण जाणे, उठायला भीतीच वाटत नाही.

सौदामिनीचे अण्णा म्हणजे रेणुकादासकाका. लातूरच्या एका वकिलांकडं पंधरा वर्षं कारकून. आम्हा दहावीच्या मुलींना कागदपत्रांची माहिती द्यायला बाईंनी त्यांना बोलावलं होतं. उस्मानाबादमधून लातूर जिल्हा वेगळा होऊन सात महिने झाले होते, आणि पाऊस न होऊनही जवळजवळ तेवढेच. शाळेच्या माठात दुपारनंतर नुसता खडखडाट. त्यातूनही पाहुण्यांसाठी बाईंनी पाण्याचा एक पेला भरून ठेवला होता.

काकांनी फळ्यावर एक चौकोन काढला होता. “हे रेव्हेन्यू तिकीट. कागदावर लावलं की ते रद्द करायचं, म्हणजे पुन्हा कोणी वापरणार नाही. कोणी त्यावर सही करतं, कोणी तारीख टाकतं. मी तारीख टाकतो आणि वर दोन तिरप्या रेघा, मध्ये एक टिंब. ही आपली पद्धत. आजवर बदलली नाही.”

त्यावर माझा प्रश्न. काका अडकले नाहीत. ताडकन उत्तर आलं.

“‘अमक्याकरिता’ असं लिहून सही केली, तर देणं त्या अमक्याचं. नुसतं स्वतःचं नाव लिहिलं, तर देणं सही करणाऱ्याचं. मनात काहीही असो. कागदाला मन नसतं, मुली. पण तुला हे का सुचलं?”

“आमची माय महिला मंडळाची अध्यक्ष हाय न, काका. मंडळाच्या कागदावर तीच सह्या करते.”

काकांच्या हातातला खडू खाली पडला. त्यांनी तो उचललाही नाही. कुणाचं तरी काम आठवलं म्हणाले आणि दहा मिनिटं आधीच निघून गेले.

मी पैज हरले होते. पण सौदामिनीनं अर्धी पुडी दिलीच, वर म्हणाली, “अण्णा घाबरले की काय तुला?” आम्ही फिदीफिदी हसलो.

टेबलावरचा पेला मात्र भरलेला तसाच होता. यंदाच्या साली भरला पेला सोडून जाणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते.

२

घरी आले तर बाबा उंबऱ्यातच बसलेले. हातात रजिस्टरनं आलेला लिफाफा. बाबा नव्या कलेक्टर कचेरीत लिपिक आहेत. दिवसभर कागदच हाताळतात. पण हा कागद ते पुन्हा पुन्हा उलटून बघत होते.

“नांदेडच्या वकिलाची नोटीस हाय,” बाबा म्हणाले. “टाकीचे साडेचार हजार पंधरा दिवसांत भरा, न्हाईतर दावा लावतो म्हणतेत.”

टाकी म्हणजे आमच्या वस्तीतली पत्र्याची टाकी. नगरपालिकेचा टँकर आला की बायांची डोकी फुटायची वेळ यायची, म्हणून मंडळानं नांदेडच्या गुरुलिंग शेठकडून ती उधारीवर आणली होती. आता टँकर टाकीत रिकामा होतो आणि बाया रांगेनं पाणी भरतात. पैसे सरकारी अनुदानातून द्यायचे होते. अनुदानाची फाईल उस्मानाबादहून निघाली. नव्या जिल्ह्यात अजून पोचायचीय.

“मग मंडळाला नोटीस आली असंल,” मी म्हणाले.

“मंडळाला न्हाई. नागुबाई निवृत्ती. तुझ्या मायला. एकटीला.”

बाबांनी सोबतची टाइप केलेली नक्कल पुढं केली. वचनचिठ्ठी होती ती, म्हणजे पैसे फेडण्याचं लेखी वचन. सगळ्यात खाली लिहिलं होतं: *तिकिटे दोन. सही: नागुबाई.* बस्स, एवढंच.

माय चुलीपुढून उठून आली. “मी ‘मंडळाकरिता’ लिवलं व्हतं. आधी ते, मग नाव.”

“नागू, तुला नीट आठवतंय का? चार महिने झाले.”

“चार महिने काय अन् चार वर्षं काय! जिंदगीत पहिल्यांदा कागदावर सही केली, अन् इसरंन व्हय मी?”

मायला सही मीच शिकवली होती. दोन वर्षांपूर्वी, पाटीवर. अक्षरं तिची वरखाली नाचायची. मग मी युक्ती काढली. “माय, आधी दोरी बांध. खुंटीपासून सुरू कर, लांब ओढ. मग एकेक कपडा वाळत घाल.” तेव्हापासून माय आधी आडवी रेघ ओढते, डावीकडं खुंटीचा छोटा आकडा काढून, आणि त्या एका अखंड रेघेला सगळी अक्षरं टांगते. दोन शब्दांच्या मध्येसुद्धा दोरी तुटू देत नाही. आपण सगळे आधी अक्षरं लिहितो, मग वर रेघ मारतो. मायचं उलटं.

बाबा हळू आवाजात म्हणाले, “दावा लागला तर माझ्या पगारातून फेडावे लागतील. मग उत्पलाचं नांदेड...”

वाक्य त्यांनी पुरं केलं नाही, पण मला ऐकू आलं. अकरावीला मी अन् सौदामिनी नांदेडला जाणार होतो. तिच्या सरोजिनीआत्याकडं राहायचं ठरलं होतं. फी अन् खर्च बाबा देणार होते. साडेचार हजार गेले की नांदेडही गेलं.

मायनं पदर तोंडाला लावला. “पैसे गेले तर जाऊ द्या. पण मला खोटी म्हनू नका.”

ते मला जास्त लागलं.

३

“शिक्का कुठं गेला?” त्या संध्याकाळी मी थेट नीलम्मामावशींना गाठलं. मावशी मूळच्या उदगीरकडच्या, मंडळाच्या खजिनदार. शिक्का त्यांच्या डब्यात असतो. चिठ्ठीवर मंडळाचा शिक्का असता, तर नोटीस मायच्या नावावर आलीच नसती.

मावशींचा चेहरा उतरला. “कोन बोललं तुला शिक्क्याचं?”

“कोणी न्हाई. कागदावर तो न्हाई, म्हणून विचारते.”

 त्यांनी डबा उघडला, पुन्हा लावला.  मावशी? माझ्या मायच्या जिवाभावाची मैत्रीण?

“त्या दिवशी शिक्का माझ्याकडं नव्हताच गं,” त्या शेवटी म्हणाल्या. “त्याच्यावर ‘जिल्हा उस्मानाबाद’ होतं. मला वाटलं, नवा जिल्हा, नवा शिक्का! कोणाला न विचारता बदलायला दिला. अन् त्याच दिवशी शेठचा मुनीम टाकी घेऊन हजर. नागूला बोलले, आज सही नको. तर ती बोलली, ‘शिक्का नसंल तर नसंल, मी हातानं लिहिते की मंडळाकरिता.’ माझ्या उतावळेपणानं झालं सगळं.”

“म्हणजे मायनं लिहिलेलं तुम्ही पाहिलं?”

“मी काय वाचते गं मराठी? मला कानडीच येतं वाचायला. लांबलचक काहीतरी लिहीत होती. मुनीम सिद्धराम वैतागले होते, ‘बाई, सही करू लालाव का रांगोळी काढू लालाव? करताय तरी काय?’”

लांबलचक! ‘नागुबाई’ तर चार अक्षरांत संपतं.

“मग कागद मुनीमांनी नेला?”

“लगेच नाही. तिकीट नव्हतं न. पोस्टात संपली होती. त्या दिवशीच्या मंडळाच्या बैठकीला रेणुकादास होते कागदपत्रं बघायला, ते बोलले, ‘कागद रात्रभर माझ्याकडं राहू द्या, ऑफिसातलं तिकीट लावून सकाळी देतो.’ सकाळी सिद्धराम घेऊन गेले.”

म्हणजे कागद तीन ठिकाणी होता: काकांकडं, मुनीमाकडं, शेठकडं. शेठचा पैसा अडकलेला. मंडळाच्या बायांमागं धावण्यापेक्षा सरकारी पगार असलेल्या एका घराची मानगूट धरणं सोपं. मला तर शेठच दिसत होते.

फक्त एक गोष्ट खुपत होती. रात्री बाबांना विचारलं, “अशा चिठ्ठीला तिकिटं किती लागतात?”

“एक.”

“मग दोन कशाला?”

बाबांनी नक्कल पुन्हा पाहिली. ‘दोन’ या शब्दाखाली पेन्सिलीनं रेघ मारली.

४

दोन दिवसांनी, पहाटेच्या एस.टी.नं मी अन् माय नांदेडला निघालो. शाळा बुडवणार हे सौदामिनीला सांगितलं होतं. ती म्हणाली, “शेठचं नाक कापून ये!” खिडकीबाहेर सगळं रान करपलेलं. माय रस्ताभर बोटानं मांडीवर काहीतरी काढत होती. दोरी आणि कपडे.

विष्णुपुरीच्या रस्त्याला गुरुलिंग शेठचा कारखाना. पत्र्यावर हातोडे पडत होते, कान फाटत होते. शेठ गादीवर बसलेले, कपाळाला विभूती. आम्हाला बघून त्यांनी वर मानही केली नाही.

“पैसे आनले?”

“न्हाई. कागद पाहायचाय,” मी म्हणाले.

“कागद कोर्टात पाहा.”

माय उठायला लागली. मी तिचा पदर धरला. छातीत हातोडे माझ्याही पडत होते, पण जीभ सुटली ती सुटलीच. “शेठजी, अशा कागदाला एक तिकीट पुरतं. तुमच्या कागदावर दोन हायेत. गरज नसताना दुसऱ्या तिकिटाचा खर्च तुम्ही केला?”

शेठनं पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. मग गडगडून हसले. “मी? अरे सिद्धराम, हिला कागद दाखव. मी फुकट तिकीट लावतो म्हनते!”

सिद्धराम मुनीमांनी कापडात बांधलेली चिठ्ठी सोडली. “हात लावायचा न्हाई. लांबून बघा.”

मी वाकले. खाली उजव्या बाजूला मायचं ‘नागुबाई’. त्याच्या डावीकडं दोन तिकिटं, एकमेकांना चिकटून, एका ओळीत.

आणि मला खुंटी दिसली.

पहिल्या तिकिटाच्या डाव्या कडेबाहेर, तिळाएवढा शाईचा आकडा. तिथून रेघ सुरू होत होती आणि तिकिटाखाली शिरत होती. दुसऱ्या तिकिटाच्या उजव्या कडेखालून तीच रेघ बाहेर येऊन ‘नागुबाई’च्या डोक्यावर पोचत होती.

“माय,” मी ओरडलेच, “तुझी दोरी!”

५

मी सगळं सांगितलं. पाटी, खुंटी, कपडे. “ज्यानं तिकिटं लावली तो शिकलेला माणूस हाय. त्याच्या हिशोबानं अक्षरं झाकली की शब्द झाकला. एवढा लांब शब्द एका तिकिटात मावला न्हाई, म्हणून दोन लावली. पण आमच्या मायची दोरी अक्षराच्या आधी सुरू होती, हे त्याला काय ठाऊक?”

“अन् खाली काय हाय ते तू कसं सांगतीस?” शेठ.

सिद्धराम मुनीमांनी कागद उचलला, दाराशी गेले आणि उन्हापुढं धरला. सगळे मागच्या बाजूनं बघायला लागले. उलटी, अंधुक, पण मोठमोठी अक्षरं. माय उलटीच वाचायला लागली, एकेका अक्षरावर हवेत बोट ठेवून. “ता... रि... क...”

हातोडे थांबले होते. शेठ उठून उभे राहिले.

“मी हे काम केलं न्हाई, पोरी. शिवाची आन.”

“मला ठाऊक हाय,” मी म्हणाले. खरं तर त्या क्षणापर्यंत मला ठाऊक नव्हतं. “पण मंडळानं दिले न्हाईत तर तुम्ही कोणाकडं मागणार होता?”

“जामिनाकडं.”

“जामीन?” माय चमकली. “आमाला कोनी न्हाई सांगितलं.”

सिद्धराम मुनीमांनी दुसरा कागद काढला. “ज्या दिवशी टाकी दिली त्याच दिवशी लिहून दिलं त्यांनी. बैठकीच्या आधी, चहा पिताना. लई रुबाबात होते. ‘महिला मंडळानं न फेडल्यास मी फेडीन.’ नोटिशीच्या आधी आम्ही त्यांनाच पत्र टाकलं होतं. उत्तर आलं, ‘चिठ्ठीवर मंडळाचं नाव नाही. देणं त्या बाईचं आहे. माझा जामीन मंडळापुरता होता, सबब मी बांधील नाही.’”

शेठचा फायदा कसला! त्यांच्याकडं दोघं होते, मंडळ आणि जामीन. त्या दोन तिकिटांनी दोघंही सुटले आणि एकटी माय उरली. तिकिटांचा फायदा फक्त जामिनाला.

मी नाव विचारलं नाही. मी पुन्हा चिठ्ठीवर वाकले. दोन्ही तिकिटांवर सहीच्या दिवसाची तारीख होती, ज्या दिवशी अख्ख्या पोस्टात तिकीट नव्हतं त्या दिवसाची. आणि तारखेवर दोन तिरप्या रेघा. मध्ये एक टिंब.

मला शाळेचा फळा दिसला. आणि भरलेला पेला.

शेठ म्हणाले, “बाईवरचा दावा मी लावत न्हाई. पन रेणुकादास कबूल व्हनार न्हाई. म्हनंल, बाईनंच नंतर काहीतरी केलं. कोर्टात सांगनारं मानूस लागंल, की ही बाई आधी रेघ ओढते. शिकवलं कोनी तिला?”

“मी,” मी म्हणाले.

“मग ते मानूस तू.”

६

परत आलो तेव्हा दिवेलागण होत होती. दारात ओळखीच्या चपला.

आत रेणुकादासकाका बसले होते. बाबांच्या पुढ्यात कोरा करकरीत कागद, खाली तिकीट आधीच लावलेलं. बाबांच्या हातात पेन.

“या नागुबाई,” काका घाईनं म्हणाले. “सौदामिनी बोलली, तुम्ही नांदेडला गेलात. अहो, कशाला त्रास! मी निवृत्तीरावांना हेच समजावतोय. त्यांच्या नावावर नवी चिठ्ठी करू, हप्ते पाडून घेऊ, जुना कागद मी शेठकडून आणून फाडतो. भांडण मिटलं.”

बाबांनी पेन टेकवलं.

“बाबा, थांबा!” मी पेनवर हात ठेवला. “काका, परवाचा प्रश्न पुन्हा विचारू? दुसऱ्यासाठी सही केली तर फसतं कोण?”

काका हसायला गेले. “सांगितलं होतं की तुला.”

“अन् ‘करिता’वर कोणी तिकिटं चिकटवली तर?”

 मायनं कोपऱ्यातली पाटी घेतली, काकांच्या समोर बसली आणि लिहायला लागली. आधी खुंटी. मग दोरी, या कडेपासून त्या कडेपर्यंत. मग एकेक कपडा. मं. ड. ळा. क. रि. ता. शेवटी नाव.

“तुमी खुंटी झाकायची इसरला, भाऊ,” माय म्हणाली.

काकांनी बोट त्या खुंटीवर ठेवलं.  “मुनीमापुढं मोठेपणा मिरवला मी,” ते म्हणाले. आवाज ओळखू येत नव्हता. “घरी गेलो आणि कळलं, आपल्याला झेपणारं नाही. कागद समोर होता. एक तिकीट लावलं, तर ‘रिता’ उघडं राहिलं. मग दुसरं... मला वाटलं, अनुदान येईल, कोणी कागद उघडणारही नाही.”

“अन् न्हाई आलं तर?” बाबांनी विचारलं. “माझी बायको?”

 काका उठले, चपला घालता घालता माझ्याकडं बघून म्हणाले, “हे बाहेर गेलं तर माझी नोकरी राहणार नाही. सौदामिनीचा विचार कर.”

कसं पाहा, चुकलं त्यांचं आणि विचार मी करायचा.

ते गेल्यावर बाबांनी कोरा कागद घडी घालून फळीवर ठेवला. “शेठ दावा लावत न्हाईत म्हणाले न? मग सोडून देऊ. फाईल येईल, मंडळ पैसे देईल. वैर कशाला? तुला तिच्याच आत्याकडं राहायचंय.”

“हाव,” माय मान हलवत म्हणाली. पण पाटी तिनं पुसली नव्हती. मांडीवर धरून होती.

मी त्या पाटीकडं बघत होते. फाईल आली नाही, तर शेठ पुन्हा कोणाला धरणार? चिठ्ठीवर नाव अजून एकटीचंच दिसतंय. आणि आठ दिवसांनी वस्तीत कोणी म्हणेल, नागुबाईला लिहिता येत नाही म्हणून घोळ झाला. काका ते खोडायला येणार नाहीत. सौदामिनी उद्या माझ्याशी बोलणार नाही, हे मला दिसत होतं.  तिनं दिलेली अर्धी पुडी अजून दप्तरात होती.

मी उठून उभी राहिले. वर्गात उभी राहते तशी.

“बाबा, माय, माझं ठरलंय. शेठना उद्या पत्र टाकते. जिथं बोलावतील तिथं साक्ष देणार मी, कोर्टात बोलावलं तर कोर्टात. अन् अकरावीला नांदेडलाच जाणार. आत्याकडं न्हाई, मुलींच्या वसतिगृहात. अर्जावर पालकाची सही लागते.” मी वहीचं कोरं पान अन् पेन मायपुढं धरलं. “बाबांची नको. तू कर. दोरी लांब ओढ, माय. ‘उत्पलाकरिता’ लिही आधी.”